लॉनखालचा ओहोळ

द्राक्षांची एक पेटी मी ज्या थाटात परत केली, त्या थाटात आजवर कोणी राजीनामासुद्धा दिला नसेल.

फेब्रुवारी संपत आला होता. संध्याकाळी कार्यालयातून इंदिरानगरला घरी आलो, तर दाराशी पेटी. वॉचमन म्हणाला, "एक टेम्पोवाला देऊन गेला. नाव नाही सांगितलं. म्हणाला, साहेबांना कळेल." माझी बायको मंदा मालेगावला तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात मी, पेटी आणि माझा संशय एवढेच. आणि मला कळलंच. माझ्या टेबलावर तेव्हा एका मोठ्या इमारतीचा प्रस्ताव पडून होता. मी त्यात दोनदा त्रुटी काढल्या होत्या. दोन त्रुटींनंतर द्राक्षं येतात, एवढं न कळायला मी काय काल नोकरीला लागलोय?

दुसऱ्या दिवशी पेटी स्कूटरवर पायांशी ठेवून मी थेट त्या प्रस्तावाच्या आर्किटेक्ट पल्लवी मॅडमच्या ऑफिसात गेलो. तिथे बरीच तरुण मंडळी संगणकांसमोर बसली होती. मी पेटी मधल्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे असलं चालत नाही. उतार चुकला असेल तर उतार दुरुस्त करावा लागतो. गोडीने उतार बदलत नाही." शेवटचं वाक्य मी येताना सिग्नलला थांबून तयार केलं होतं.

मॅडमनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जरा गोंधळून म्हणाल्या, "थँक यू, सर."

संध्याकाळी दिंडोरीहून मंदाच्या तानाजीमामांचा फोन. "जावईबापू, पेटी मिळाली ना? एक्स्पोर्टचा माल होता, त्यातली तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली. गोडी कशी आहे?"

"मामा, गोडीचं काय विचारता," मी म्हणालो. "बोलायची सोयच नाही."

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

पालिकेच्या माणसाने आर्किटेक्टच्या ऑफिसात स्वतः जाऊन द्राक्षं वाटल्याची नाशिकमधली ही पहिलीच वेळ असावी. मंदा परत आल्यावर काय बोलली ते इथे देत नाही. तिचं एक वाक्य शेवटी येणारच आहे, तेवढं पुरे.

आता मी नेमकं काय करतो ते सांगायला हवं, कारण नातेवाइकांनाही ते धड माहीत नाही. लग्नकार्यात माझी ओळख "हे बिल्डिंगा पास करतात" अशी करून दिली जाते आणि समोरचा माणूस खुर्ची पुढे सरकवतो. खरं म्हणजे इमारत मी बघतच नाही. खांब किती जाड, जिना किती रुंद, ते बघणारे वेगळे. इमारत वजा करून जे उरतं ते माझ्याकडे. म्हणजे पाणी आणि झाडं. पावसाचं पाणी प्लॉटमध्ये कुठून येणार, कुठून बाहेर जाणार, मधे कुणाच्या घरात शिरणार का. आणि बाग म्हणून जी दाखवली आहे ती खरोखर बाग आहे की हिरवा रंग. इमारत उभी राहते तेव्हा लोक पेढे वाटतात. पाणी नीट वाहून गेलं तर कोणी पेढे वाटत नाही. आमच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं. घरी येऊन "आज काही झालं नाही" असं अभिमानाने सांगणारा माणूस बायकोला कसा वाटत असेल, ते तुम्हीच ठरवा.

नकाशातलं झाड हे जगातलं सर्वांत गुणी झाड. त्याची पानं गळत नाहीत, मुळं पाण्याच्या टाकीत शिरत नाहीत, त्याच्याखाली लावलेली गाडी कावळे घाण करत नाहीत, आणि ते लावायला माती लागत नाही. एक हिरवं वर्तुळ काढायचं आणि त्याच्या नकला डकवत जायचं. मी तळघराच्या स्लॅबवर, वीतभर मातीत, वडाचं झाड लावलेलं पाहिलंय. नकाशात ते फार डेरेदार होतं. पाण्याचंही तसंच. निळे बाण असतात. बाण कुठल्याही दिशेला काढता येतो, पाणी फक्त एकाच दिशेला जातं.

पूर्णत्वाच्या दाखल्याआधी झाडं लावली का ते बघायला जावं लागतं. असंच एकदा एका सोसायटीत गेलो. दारातच सुरेख सोनचाफा. बुंधा थोडा वाकडा, म्हणून त्याला काठीचा आधार दिलेला, आणि काठीला बांधलेली लाल साडीच्या काठाची चिंधी. मला फार आवडला. पुढच्या आठवड्यात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दुसऱ्या इमारतीच्या पाहणीला गेलो, तर दारात तोच वाकडा बुंधा, तीच काठी, तीच लाल चिंधी. मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असावं. बाजूला नर्सरीवाला उभा होता, त्याला म्हटलं, "जरा बुडाशी खणून दाखवा." दोन टिकाव मारले तर खाली कुंडी! नर्सरीवाला मुळीच ओशाळला नाही. म्हणाला, "साहेब, झाडाला काय एकाच जागी करमतं का?" तो पाहणीपुरती झाडं भाड्याने फिरवायचा. तेव्हापासून कुठेही सोनचाफा दिसला की मी आधी बुंध्याशी वाकून चिंधी शोधतो. मंदा म्हणते, लोकांना वाटतं तुम्ही नमस्कार करताय.

अशा अनुभवांतून माझा एक नियम तयार झालाय. नकाशातली सर्वांत सुंदर जागा कुठली ते बघायचं आणि संशय तिथूनच सुरू करायचा. नको असलेली गोष्ट झाकायला भिंत घातली तर लोक विचारतात, पलीकडे काय आहे? बाग केली तर कोणी विचारत नाही.

तर, द्राक्षांवाला प्रस्ताव. शहराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे परवापर्यंत भाजीचे आणि फुलांचे मळे होते, तिथे उताराचा प्लॉट. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला एक मळा शिल्लक. कागद सगळे चोख, पातळ्यांचे आकडे जुळत होते. निळे बाण शिस्तीत पूर्वेकडे वळून तिकडच्या रस्त्याच्या गटारात जात होते. आणि प्लॉटच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, तीन इमारतींच्या मधोमध, एक देखणं लॉन. त्यात वळणावळणाची पायवाट, बाक, कमळाचं छोटं तळं.

"सर, हे सेंट्रल लॉन. प्रकल्पाचं हृदय," पल्लवी मॅडम म्हणाल्या होत्या.

"हृदय सगळ्यात खालच्या कोपऱ्यात?"

"तिथून व्ह्यू चांगला मिळतो, सर."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जागा भराव टाकून सपाट केल्यावरच दाखवलेली होती. पण ते काही माझ्या गळी उतरेना. निसर्गतः जी जागा सगळ्यात खोल, तिथे माणूस पार्किंग करतो, पंपघर करतो. ती मोकळी सोडून तिथे लॉन करतो, म्हणजे तिथे पाया घ्यायला काहीतरी अडचण आहे. काय ते कळेना. म्हणून त्रुटी काढली: वरच्या बाजूचं पाणी प्लॉटमधून जातं का, खुलासा करावा. खुलासा आला: जात नाही. पुन्हा त्रुटी काढली: नक्की? खुलासा आला: नक्की. मग आली द्राक्षं. आणि मग मी स्वतः जागेवर गेलो.

वरच्या रस्त्याखाली एक जुनी मोरी होती, तोंडाशी गवत आणि राडारोडा साचलेला. आता मोरी कोणी शोभेसाठी बांधत नाही. तिथून चालत खालच्या कुंपणभिंतीपर्यंत आलो. भिंतीच्या पलीकडे, अगदी पायथ्याशी, ओळीने दगड मांडलेले, ताजा शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्या आणि वाळलेली फुलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आलं लक्षात. देव बसवून जागा अडवायची. ही युक्ती मी इतक्यांदा पाहिली आहे की आता शेंदूर दिसला तरी मला अतिक्रमणच दिसतं. मोबाइलमध्ये पाहणीची टिपणं लिहीत होतो, त्यात लिहून टाकलं, "दक्षिण हद्दीलगत अनधिकृत धार्मिक बांधकाम."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "कोन तुमी?"

मळ्याचा मालक काशीनाथ. डोक्याला उपरणं, हातात खुरपं. मागे झेंडूचं शेत नुसतं पेटल्यासारखं दिसत होतं. कडेला एक भरलेली विहीर.

"पालिकेतून आलोय," मी म्हटलं.

"टेप आनलाय का?"

"नाही."

"मंग त्या मोबाइलमधी काय लिहिताय?"

"सहज. मला एवढंच विचारायचंय, पावसाळ्यात वरून पाणी इकडे येतं का?"

त्याने माझ्याकडे, मग वरच्या रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पानी? नाय. कधीच नाय. इथं कुठलं आलंय पानी?"

"मग ही विहीर एवढी भरलेली?"

"ती तिची तिची भरती."

"आणि हे देव कधी बसवले?"

"ते पहिल्यापासून हायत. मी बसवले नाय आन् मी उठवनार बी नाय. मागल्या टायमाला असाच एक साहेब आला व्हता. लय गोड बोलला, चहा प्याला. त्याच्या मागून रस्ता आला. तुमी चहा घेनार का?"

मी नको म्हटलं. तो म्हणाला, "बरं केलं," आणि पाठ फिरवून खुरपायला लागला.

परतताना डोक्यात चक्र सुरू. बिल्डर म्हणतो पाणी नाही, ते समजतं. पण खालचा शेतकरी का म्हणतो? नुकसान झालं तर त्याचंच होणार. म्हणजे दोघांचं साटंलोटं असणार. बिल्डरने त्याचीही जमीन बोलून ठेवली असणार. स्कूटर घराशी लावेपर्यंत मी काशीनाथला त्या प्रकल्पात भागीदार करून टाकलं होतं.

घरी बाळू बसला होता. बाळू म्हणजे मंदाचा धाकटा भाऊ. बँकेत आहे, स्वभावाने गरीब, पण बोलायला तिखट. माझं पाणी पिऊन होण्याच्या आत म्हणाला, "दाजी, ती फाईल तुमच्याकडे आहे म्हणे?"

"कुठली?"

"लॉनवाली! मी तिथे फ्लॅट धरलाय. पहिला मजला, गॅलरी बरोबर लॉनवर. मी शब्द देऊन बसलोय, आणि बिल्डरचा माणूस म्हणतो, पालिकेत एकजण पाण्यावरून अडून बसलाय. वर्णन ऐकलं, चष्मा ऐकला, आणि मला घाम फुटला."

"तिथलं पाणी नीट कळत नाहीये, बाळू."

"तुमच्या गॅलरीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसते, म्हणून माझ्या लॉनवर डोळा का?"

मंदा आतून म्हणाली, "बाळू!" पण तिच्या आवाजात दटावणी कमी होती आणि 'अगदीच खोटं नाही' असा सूर जास्त होता. बाळू तणतणत गेला. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. बिल्डर, शेतकरी, साटंलोटं, आणि पुराव्यादाखल ते दगड.

"किती दगड होते?" तिने विचारलं.

"असतील सहा-सात. सातच."

"बांगड्या होत्या?"

"हिरव्या."

तिने पोळी वाढता वाढता हात थांबवला. "अहो, त्या आसरा आहेत. दिंडोरीला मामांच्या विहिरीवर नाहीत का? लग्नानंतर तुम्हीच नारळ फोडला होतात. सातजणी. पाण्याच्या देवी. पाणी कुठंय तिथं?"

"पाणी नाहीच म्हणतात सगळे."

"मग त्या काय उन्हं खायला बसल्यात?"

घास तोंडात तसाच राहिला. आसरा कोरड्यात मांडत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. नाशिकच्या आसपास विहीर, डोह, ओढा जिथे असेल तिथे त्या असतातच. एवढी वर्षं लोकांची खोटी झाडं पकडणारा मी, आणि तिथे जे एकमेव खरं होतं त्याच्यावर अनधिकृत म्हणून शेरा मारून आलो होतो.

सकाळी आधी आमच्या देवरे साहेबांकडे गेलो आणि मेव्हण्याचं सांगून टाकलं. म्हटलं, नातं आहे, फाईल दुसऱ्याकडे द्या. साहेब म्हणाले, "तुमचा मेव्हणा तिथे घर घेतोय आणि तुम्ही परवानगी अडवताय? उलटं असतं तर फाईल कालच काढून घेतली असती. तुम्हीच बघा. पण शेंदूर हा काही पुरावा नव्हे. मला पाणी दाखवा."

मार्चमध्ये पाणी दाखवायचं कुठून? मी बिल्डरला निरोप धाडला: पाण्याचे टँकर आणा, मोरीच्या वरच्या तोंडाशी सोडा, आपण सगळे उभे राहून बघू. नियमात अशी चाचणी कुठे लिहिलेली नाही. कोणी दुसरा असता तर नाही म्हणाला असता. पण द्राक्षांपासून बिल्डर माझ्याबद्दल धास्तावला होता. हे मला नंतर पल्लवी मॅडमनी सांगितलं. तीन दिवस त्यांच्याकडे खल चालला होता म्हणे, की या माणसाने आपल्याला द्राक्षं का दिली? याच्या मनात काय आहे? जो साहेब घेत नाही तो त्यांना माहीत होता. जो वर आणून देतो त्याच्यापुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. शेवटी बिल्डर म्हणाला, "तो म्हणेल ते करा. उलट्या डोक्याचा आहे."

टँकर आले. मी आधी टाक्यांवर बोटांनी टकटक करून पाहिलं, भरलेल्या आहेत ना. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कलिंगड घेताय का?"

एका बाजूला बिल्डर आणि मॅडम, दुसरीकडे सुट्टी टाकून आलेला बाळू, माझ्याकडे न बघता उभा. भिंतीपलीकडे काशीनाथ फुलं तोडत होता, म्हणजे तसं दाखवत होता. मोरीच्या तोंडाचं गवत काढलं, नळी लावली, पाणी सुटलं.

पहिल्यांदा ते भरावातच मुरत राहिलं. बिल्डर हसला. "बघा सर, जमीनच पिऊन टाकते." बाळूनेही सुस्कारा टाकला. मग भराव जरासा दबला, एक ओली रेघ उमटली, आणि पाणी चालायला लागलं. पूर्वेच्या गटाराकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. बाणांचा नकाशा त्याने वाचलेलाच नव्हता. दुसरा टँकर सुटला तशी त्याला ओढ लागली. लॉनची जागा, नकाशातलं कमळाचं तळं, बाक, पायवाट, सगळ्यांवरून ते सरळ खाली उतरलं आणि त्या सातजणींसमोरच भिंतीशी जाऊन उभं राहिलं. भिंतीच्या बुडाशी एक फट होती. तिथून ते पलीकडे घुसलं.

आणि पलीकडून ओरडा झाला. "ए बंद करा! बंद करा! माझा पाडव्याचा झेंडू हाय!"

भिंतीवरून वाकून पाहिलं. काशीनाथ फावडं घेऊन धावत होता. बांधाच्या कडेला गवताचे भारे रचून ठेवले होते, ते त्याने पायाने उडवले, आणि खाली निघाली नीट दगड लावलेली, साफ ठेवलेली चारी. दोन फावडी मारून त्याने तोंड मोकळं केलं. पाणी झेंडूला बगल देऊन चारीने खाली निघून गेलं.

ज्याच्या शेतात कधीच पाणी येत नाही, त्याने पाणी काढायची चारी जपून कशाला ठेवली, हे विचारायची गरजच उरली नव्हती.

काशीनाथने फावडं टेकवलं. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं होतं. "झालं तुमचं समाधान?" तो मला म्हणाला. "आता लिवा. वहाळ हाय म्हनून लिवा. माझ्या मळ्यातून दोन्ही अंगाचा पट्टा जाईल. उद्या पोराला घर बांधायचं तर म्हनाल, इथं वहाळ हाय."

"काशीनाथअण्णा, ते लॉन झालं असतं तर पुढे ही भिंत पक्की झाली असती. वरचं पाणी मागे तुंबलं असतं. भिंत टिकली तर यांच्या घरात, पडली तर तुमच्या विहिरीत आणि झेंडूत."

"ते मला कळतंय ना! पानी फावड्यानं वळवतो मी. कागद कशानं वळवू?"

साटंलोटं वगैरे काही नव्हतं. बिल्डर मला नफ्यासाठी खोटं सांगत होता आणि काशीनाथ मला भिऊन. माझ्या संशयाने दोघांना एकाच दावणीला बांधलं होतं.

मी लिहिलं. लिहावंच लागलं. ओहोळ उघडा ठेवावा, दोन्ही बाजूंना जागा सोडावी, मोरी साफ करावी, कुंपणभिंतीला पाण्याची वाट ठेवावी. लॉन गेलं. लॉनकडे तोंड केलेली इमारत वर सरकली आणि आखडली. तिच्यातला पहिल्या मजल्याचा, गॅलरीवाला फ्लॅट नव्या नकाशात राहिलाच नाही. पल्लवी मॅडमनी ओहोळाच्या काठाने खरीखुरी झाडं दाखवली, करंज आणि उंबर, आणि मला म्हणाल्या, "सर, या वेळी द्राक्षं नका आणू. सुधारित नकाशा तसाच देते." काशीनाथच्या मळ्यातही ती रेघ उमटली. बाळूने माझ्याशी बोलणं सोडलं. राखीला आला तो मी कार्यालयात असताना येऊन गेला. त्या दिवशी मंदाच्या भाजीत मीठ नव्हतं.

भाद्रपदात एकदा रात्रभर कोसळला. सकाळी मी मंदाला काम आहे म्हणून सांगितलं आणि तिकडे गेलो. काम काही नव्हतं. मला माझ्याच शेऱ्याचा संशय यायला लागला होता. नाही आलं पाणी तर? एका माणसाचं घर आणि एकाचा पट्टा मी टँकरच्या पाण्यावर घालवला, असं झालं तर?

पाणी आलं होतं. उघड्या ओहोळातून गढूळ, भरून, काठाला चाटत चाललं होतं. भिंतीच्या वाटेने, सातजणींचे पाय धूत, चारीतून, झेंडूला हात न लावता. आणि काठावर बाळूची स्कूटर होती. शेजारी बाळू, पँट गुडघ्यापर्यंत वर. दाजी खरं बोलले का, हे बघायला तोही आला होता.

मी जाऊन बाजूला उभा राहिलो. मग तो म्हणाला, "दाजी, पार्किंग साधारण कुठे आलं असतं?"

"ती म्हैस बसलीय ना पाण्यात? तिच्या जरा अलीकडे."

"आणि जिना?"

"म्हशीवरूनच."

बाळू हसला. हसता हसता म्हणाला, "चांगली ऐसपैस बसलीय. तिला म्हणावं, मेंटेनन्स भर."

काशीनाथ चारीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाळूशी मात्र त्याची चांगली गट्टी जमलेली दिसली. जमणारच, दोघांना माझ्याबद्दल बोलायचं असणार. निघताना त्याने एक पिशवीभर झेंडू बाळूच्या हातात दिला. "ताईला द्या. साहेबाला नाय हां, ताईला."

मी लगेच म्हणालो, "बाळू, हे घेता येणार नाही. ते या प्रकरणातले बाधित आहेत. उद्या कोणी म्हणालं..."

"दाजी," बाळू म्हणाला, "माझ्या बहिणीला फुलं दिलीत. तुम्ही प्रकरणात बसा." आणि त्याने पिशवी हँडलला अडकवली.

घरी दोघं एकदमच पोहोचलो. मंदाने दार उघडलं, भावाला पाहिलं, मला पाहिलं, दोघांच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, आणि आत जाऊन तिघांचा चहा टाकला. बाळूने म्हशीची गोष्ट दोनदा सांगितली. तो गेल्यावर मी पुन्हा पिशवीकडे वळलो. म्हटलं, "हे बघ, फुलं तशी साधीच आहेत. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या जाऊन परत करून येतो."

मंदा फुलं ताटात काढत होती. वर न बघता म्हणाली, "उद्या मीही येते. त्या सातजणींची ओटी भरायची आहे, तेव्हा ही फुलं त्यांनाच वाहू. म्हणजे तुमची परत करायची हौसही भागेल. फक्त तिथे गेल्यावर त्यांच्याकडे परवानगीचा कागद मागू नका."